इनाला वाढतं कोण?

सगळा घोळ एका शब्दानं घातला. शब्द म्हणजे 'आंगाई'. मी न्यूझीलंडमधल्या टोकोरोआत नवीन दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकं बोलताना हा शब्द कानावर पडायचा आणि मी हळवी व्हायचे. म्हटलं, काय गुणी माणसं आहेत, जाता येता पोरांना अंगाई म्हणतात! पुढे कळलं, कुक बेटांच्या भाषेत आंगाई म्हणजे खाऊ घालणं. आणि दुसऱ्याचं पोर आपल्या घरी आणून आपलं म्हणून सांभाळायचं, तेही आंगाईच. बहिणीला पोरं जास्त झाली, किंवा आजीला घर रिकामं वाटलं, की एखादं पोर इकडून तिकडं. त्यात कागद नाही, वकील नाही.

आमची गल्ली सगळी या कुक बेटवाल्यांची. कोपऱ्यावर आमचं दूध-ब्रेडचं दुकान. नवरा गल्ल्यावर बसतो, मी गप्पांवर. मला सगळे 'आँटी' म्हणतात. मोठ्या बाईला मात्र ते 'मामा' म्हणतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा पोको मामाची ओळख करून दिली, तर त्या बराच वेळ इकडं तिकडं पुरुषमाणूस शोधत होत्या.

अकाइती आमच्या शेजारची. पहाटे शाळेचे वर्ग झाडते, दुपारी वृद्धाश्रमातल्या चादरी धुते. तिचा नवरा तेओकोताई लाकडाच्या गिरणीत फळ्या रचतो. दोघं मरमर राबतात आणि दोघांचे पगार मिळून घरभाड्याला बघून लाजतात. म्हणून सरकार त्यांना भत्ता देतं. कामाला जाणारी माणसं, पगार थोडा, घरात लेकरं, अशांसाठीच तो. जितकी मुलं तितका जास्त. आमचे हे सुरुवातीला कुरकुरायचे, "आमच्या टॅक्सातनं जातात." मी म्हटलं, "मंगळवारी भत्ता येतो. मंगळवारी आपल्याकडं काय संपतं? सिगारेट की दूध?" दूध संपतं. दूध, ब्रेड आणि केळी. त्यानंतर हे सरकारविरुद्ध बोलले नाहीत. बायकोविरुद्ध बोलतात, पण ते वेगळं.

अकाइतीला दोन मुलगे, तेआरिकी आणि मानु. आणि एक आंगाई केलेली इना, तिच्या बहिणीची, वाइनेची. वाइने ब्रिस्बेनला हॉटेलात काम करते. इना नीट चालायलासुद्धा लागली नव्हती तेव्हा अकाइतीकडं आली, आता नऊ वर्षांची आहे आणि माझ्या दुकानात कुठली चॉकलेटं कुठं लपवलीयेत ते माझ्या नवऱ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.

तर यंदा भत्त्याच्या ऑफिसाला एकदम प्रेम आलं. त्यांनी ठरवलं, लोकांना त्यांच्या भाषेत पत्रं पाठवायची. अकाइतीला पत्र आलं तेव्हा ती ते नाचवत दुकानात आली.

"आँटी, बघ! आपल्या भाषेत! आणि विचारलंय काय, तर 'तुम्ही किती मुलांना आंगाई करता?' इतकी वर्षं कुणी इनाची साधी चौकशी केली नव्हती गं. सरकारला कळलं!"

तिनं लिहिलं, 'एक.' खाली इनाचं नाव, आणि वर सरकारचे आभार.

पुढच्या मंगळवारी भत्ता आला तो एकाच मुलाचा. तेआरिकी आणि मानु सरकारदरबारी नाहीसे झाले. अकाइतीनं माझ्या दुकानातूनच फोन लावला, आवाज मोठा ठेवून, कारण तिच्या मते सरकारशी बोलताना साक्षीदार असावेत.

"बाई," पलीकडून एक गोड आवाज, "तुमच्याकडं एकच मूल आहे असं तुम्हीच कळवलंय."

"आंगाई एकच. बाकी दोघं माझे आहेत."

"तुमचे आहेत, पण तुम्ही त्यांना वाढवत नाही?"

"ते आपले आपणच वाढतायत. गेल्या महिन्यात घेतलेले बूट आज होत नाहीत. थांबवायचा काही उपाय असेल तर सांगा."

गोड आवाजानं दुसरी वाट धरली. "बरं. आपण सोपं करू. तुमच्या हातचं रोज कोण कोण जेवतं?"

इथंच आवाज चुकला. हा प्रश्न कुक बेटांच्या बाईला विचारायचा नसतो. अकाइतीच्या अंगात बळ आलं. तिनं मुलगे सांगितले, इना सांगितली, मागच्या घरातले तांगी पापा सांगितले ज्यांचा एक हात चालत नाही, नेटबॉलच्या पोरी सांगितल्या, रविवारचे पाद्रीबुवा सांगितले. "आणि शुक्रवारी आँटी. तिला माझा रुकाऊ आवडतो."

रुकाऊ म्हणजे नारळाच्या दुधातलं अळूचं फदफदं. मला आवडतो, हे खरं आहे. पण म्हणून ऑफिसानं मला पत्र पाठवायला नको होतं, की 'आँटी' या मुलीची जन्मतारीख आणि शाळेचं नाव कळवा. पाद्रीबुवा साठीचे, त्यांना विचारलं होतं, गोवराची लस टोचली का. त्यांनी ते पत्र रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवलं आणि चर्च हसून हसून बाकांवरून घसरलं.

अकाइती मात्र हसली नाही. तिच्या पत्रात वेगळंच होतं. मुलग्यांचे जन्मदाखले आहेत, त्यांचं मिटलं. पण इनाच्या दाखल्यावर आई म्हणून वाइने. तेव्हा इना खरोखर कुणाच्या सांभाळात आहे हे बघायला ऑफिसातून माणूस येईल. तोवर तिचा हिस्सा बंद.

"गेला हिस्सा तर?" मी विचारलं.

"दूध-पावडरच्या कारखान्यात रात्रपाळी आहे. त्यांनी जागा धरून ठेवलीय." ती पत्राची घडी घालत आणि उघडत होती. "तेओकोताई पण पहाटे जातो. मग पोरांजवळ कोण? वाइनेला कळलं तेव्हा ती म्हणाली, तुझ्यावर ओझं नको, इनाला पाठवून दे इकडं. ती चांगल्या मनानं म्हणाली गं. तेच तर वाईट आहे. भांडली असती तर मी पण भांडले असते."

इना मागं चॉकलेटांच्या फळीजवळ होती. ती एकदम गप्प होती, आणि ही पोर गप्प असणं म्हणजे लाकडाचा ट्रक आवाज न करता गल्लीतून जाणं.

त्या संध्याकाळी गल्ली चर्चच्या हॉलमध्ये जमली. पोको मामानं बेत मांडला. पोको मामा म्हणजे गल्लीचं सर्वोच्च न्यायालय. गोधड्या शिवणाऱ्या बायकांची मुख्य.

"सोपं आहे. त्या माणसानं विचारलं की इना कुठं जेवते, तर सगळ्यांनी सांगायचं, अकाइतीकडं. फक्त अकाइतीकडं."

"खोटं बोलायचं?" पाद्रीबुवा म्हणाले.

"खोटं कोण बोलतंय? ती अकाइतीकडं जेवतेच की. माझ्याकडं पण जेवते, तेवढं मी सांगणार नाही."

"आणि त्यानं सरळ विचारलं तर?"

"मला ऐकू येत नाही."

"कालपर्यंत तर तुला माझ्या घरातली भांडणं ऐकू येत होती," तांगी पापा म्हणाले.

"ती मोठ्यानं असतात. हा माणूस सरकारी आहे, हळू बोलेल."

असं ठरलं, आणि सगळे मनातून खूश होऊन घरी गेले.

गुरुवारी शाळा आणि कामं सुटल्यावर तो आला. ग्रेम पेटिफर त्याचं नाव. उंच, गोरापान, कान लाल, आणि चेहरा असा की आयुष्यभर इतरांना दार उघडून देत आलाय. गाडी दुकानासमोर लावली आणि पहिलं वाक्य हे, "मला नियमाप्रमाणे फक्त एक कप चहा आणि एक बिस्किट घेता येतं." बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं तो कुठं आलाय.

अकाइतीनं मला सोबत यायला सांगितलं होतं. "तू आमच्यातली पण आहेस आणि नाहीस पण. बरं दिसेल."

तिच्या घरी सगळं छान झालं. त्यानं इनाची खाट पाहिली, दप्तर पाहिलं, बिस्किट खाल्लं. दुसरं बिस्किट त्याच्या हातात आपोआप आलं, तेही खाल्लं. मग म्हणाला, "आता शेजाऱ्यांशी थोडं बोलतो, साक्षीसाठी." आणि निघाला. निघताना मागचं फाटक उघडं टाकून गेला, पण ते पुढं येईल.

पहिलं घर पोको मामाचं. ती दारातच होती, त्यांच्या भाषेतल्या नमस्कारासकट पाठांतर करून.

"किया ओराना. इना अकाइतीकडं जेवते. नमस्कार."

"धन्यवाद," ग्रेम म्हणाला. वहीत लिहिलं. आणि उगाच, सभ्यपणानं, एक वाक्य जास्त बोलला: "म्हणजे तुमच्याकडं तिला कधी काही खायला मिळत नाही तर."

पोको मामाचा चेहरा लाल झाला. तिथं उभी राहून मी मनात म्हटलं, गेलं सगळं.

"काय म्हणालास? माझ्या दारातनं लेकरू उपाशी जातं? माझ्या? या गल्लीत कुणालाही विचार! रोज सकाळी शाळेत जाताना इना माझ्याकडं डोनट खाते! गरम! आत ये. ये आत! बस. हे घे, तोंडात घाल आणि सांग मला उपाशी कोण राहतं!"

ऐकू न येणारी बाई इतकी ओरडली की गल्लीभर ऐकू गेलं. आणि मग काय, बेत कुठला नि काय कुठलं. पोको मामा डोनटचं श्रेय घेतेय म्हटल्यावर बाकीच्यांना राहवेना. तांगी पापा एका हातानं पातेलं घेऊन दारात उभे. "दुपारी शाळेतनं आली की कॉर्न्ड बीफ आणि भात माझ्याकडं. एका हातानं करतो, लिहा." पुढच्या घरी बिटानं गुलाबी केलेलं बटाट्याचं सॅलड. त्याच्या पुढं लिंबात मुरवलेला कच्चा मासा. पाद्रीबुवांनी खोटं बोलायचं नाही हे तत्त्व इतकं कडक पाळलं की त्यांच्या घरी इनानं खाल्लेली पुडिंगं त्यांनी सणावारासकट सांगितली, आणि एक पुडिंग ग्रेमपुढं ठेवलं.

तो प्रत्येक घरी म्हणायचा, "मला नियमाप्रमाणे..." आणि प्रत्येक घरी त्याच्या हातात ताटली असायची. चौथ्या घरानंतर नियमाचं वाक्य अर्ध्यावर आलं. शेवटी त्यानं कमरेचा पट्टा एक भोक सैल केला आणि माझ्याकडं इतक्या केविलवाण्या नजरेनं पाहिलं की मी पाण्याची बाटली दिली. तीही त्याला खाणं वाटली, तो दचकला.

अकाइतीच्या पायरीवर परत आलो. गल्ली मागोमाग आली होती, ताटल्यांसह. ग्रेम बसला, वही उघडली, आणि अतिशय वाईट वाटून म्हणाला, "बाई, मी काय लिहू? सगळेच तिला खाऊ घालतात. खरं सांगायचं तर या मुलीला गल्ली सांभाळते. आणि गल्लीसाठी माझ्याकडं रकाना नाही."

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "पोको मामा, तुझं डोनट."

"माझं डोनट काय? तुझं सॅलड!"

अकाइती इनाकडं बघत होती, आणि इना स्वतःच्या पायांकडं. बाहेर लाकडाचा ट्रक गेला. आणि घरामागून डुकरानं बाहेर यायला तोच मुहूर्त काढला.

शनिवारी तेआरिकीचे पहिल्यांदा केस कापायचे होते. मोठा सोहळा असतो तो. पोराचे केस लहानपणापासून वाढवतात आणि एके दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर कापतात. त्यासाठी हे डुक्कर कित्येक महिने पोसलं होतं. ते ग्रेमनं उघड्या टाकलेल्या फाटकातून निघालं, ताटल्यांमधून गेलं, पाद्रीबुवांच्या पायांमधून गेलं, रस्ता ओलांडला आणि आमच्या दुकानात शिरलं. आमचे हे गल्ल्यावर चढले. आतून त्यांचा मराठीत ओरडा ऐकू येत होता. तो इथं लिहीत नाही.

सगळी गल्ली धावली. ग्रेमही धावला, पोटात सहा घरचं जेवण घेऊन. बटाट्याच्या वेफर्सच्या मांडणीमागं शेवटी त्यानंच डुकराला मिठी मारली आणि दोघं एकदम आडवे झाले. डुक्कर आधी उठलं, पण तेओकोताईनं दोर टाकला.

डुक्कर बांधून परत आलो तेव्हा ग्रेमच्या शर्टाला गुलाबी सॅलड, कानाला वेफर. "माझीच चूक," तो म्हणाला, "फाटक मी उघडं टाकलं."

"होतं असं, बाळा," पोको मामा म्हणाली. "डोनट घे."

"जाऊ दे रे," तांगी पापा म्हणाले.

"देव क्षमा करतो," पाद्रीबुवा म्हणाले.

तेवढ्यात अकाइती पायरीवरनं उतरली.

"क्षमा देव करेल, डुकरामागं मी धावले! फाटकाला कडी कशाला असते? शोभेला? एवढा मोठा माणूस, हातात वही, खिशात दोन पेनं, आणि मागं वळून फाटक बघता येत नाही? कुणाचं लेकरू रस्त्यावर गेलं असतं म्हणजे? ट्रक येतात इथं! आणि तू गं, इना, दात काय काढतेस? तू पाहिलं होतंस ना फाटक उघडं? बोलायला तोंड नव्हतं? आणि चपला कुठं आहेत तुझ्या? अनवाणी धावलीस रस्त्यावर? काल काच काढली ना टाचेतनं? दोघंही जा, पाय धुवा. आधी पाय!"

ग्रेम पेटिफर, सरकारचा प्रतिनिधी, मान खाली घालून नळाकडं गेला. शेजारी इना, तशीच मान घालून. दोघांनी पाय धुतले. मी बघत होते: धुता धुता तो थांबला. नळ चालू राहिला, म्हणून त्यावरही अकाइती ओरडली, आणि त्यानं नळ बंद करून खिशातून वही काढली.

"इना," त्यानं हळूच विचारलं, "तुला ओरडतं कोण?"

"मामा."

"कुठली मामा? इथं सगळ्याच मामा आहेत."

इनानं अकाइतीकडं बघून भुवया उंचावल्या. इथं हो म्हणायची ती रीत.

"आणि पोको मामा? त्या नाही ओरडत?"

"ती म्हणते, 'थांब, अकाइतीला सांगते.'"

"तांगी पापा?"

"ते म्हणतात, 'अकाइतीला कळलं तर?' पाद्रीबुवा पण तेच म्हणतात. ते देवाचं नाव नंतर घेतात."

ग्रेम गल्लीकडं वळला. "तुमच्यापैकी कुणी हिला कधी रागावलंय?"

"आम्ही?" पोको मामा खरंच दुखावली. "दुसऱ्याच्या लेकराला? खायला घालू, हवं तितकं. पण रागवायचं तिनं. रात्र रात्र ताप उतरवत बसते ती. शाळेत बाईंपुढं उभी राहते ती. तो हक्क तिचाच."

मला तेव्हा आपली मराठी किती शहाणी आहे ते जाणवलं. पानात वाढणं वेगळं आणि लेकरू वाढवणं वेगळं. इनाला वाढणारे गल्लीभर होते. वाढवणारी एकटीच होती, आणि ती आत्ता ग्रेमला सांगत होती की ओल्या पायांनी घरात येऊ नकोस.

तो पायरीवर बसून बराच वेळ लिहीत होता. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. छापील रकाना भरून जेवण पचवत घरी जाणाऱ्यातला तो नव्हता. सगळ्यांची नावं विचारून त्यानं प्रत्येकाची साक्ष लिहिली: इनाला रागावण्याचा अधिकार कुणाचा. लोकांनी रांग लावून सांगितलं. शेवटी त्यानं पाहुणचाराची नोंद करायचा कागद काढला, त्यात चहा आणि बिस्किटापुरती एक ओळ होती. त्यानं डोनट लिहिलं, मासा लिहिला, पुडिंग लिहिलं, मग पान उलटून मागं लिहू लागला. "साहेब रागावतील," तो म्हणाला.

"आण त्यांना इकडं," अकाइती म्हणाली. "मी बघते."

उत्तर यायला वेळ लागला. कारखान्याच्या माणसाचा दोनदा फोन आला, रात्रपाळीचं काय? वाइनेचा ब्रिस्बेनहून आला, तिकिटाचं काय? अकाइती दोघांना "सांगते" म्हणायची आणि चादरी धुवायला जायची. शनिवारी तेआरिकीचे केस कापले गेले, डुक्कर खाल्लं गेलं, आणि इना त्या गर्दीत अकाइतीच्या पदराला... पदर नाही इथं, फुलांच्या झग्याच्या टोकाला धरून हिंडत होती. नऊ वर्षांची घोडी. कुणी तिला चिडवलं नाही.

मग एका सकाळी पत्र आलं. यावेळी इंग्रजीत; बहुधा ऑफिसनं भाषेचं प्रेम आवरतं घेतलं होतं. अकाइतीनं ते दुकानात उघडलं, कारण साक्षीदार. वाचलं. परत वाचलं. माझ्यापुढं धरलं. मुलं तीन. तेआरिकी, मानु, इना. थांबवलेला हिस्साही मागच्या तारखेपासून मिळेल. अकाइतीनं कारखान्याला फोन लावून एवढंच सांगितलं की रात्री मला घरी काम असतं. मग ती घराकडं गेली, पळत नाही, पण तिच्या मानानं भरभर.

पोको मामा दूध घ्यायला आली होती. "काय झालं?" तिनं विचारलं. मी तोंड उघडणार, इतक्यात अकाइतीच्या खिडकीतून आवाज आला.

"इना! ही बॅग कुणी भरली? पलंगाखाली काय करतेय ही? ब्रिस्बेनला जायचं ठरवलंस? कुणाला विचारून? आणि थंडीचं जाकीट कशाला भरलंस, तिथं उन्हाळा असतो, एवढं कळत नाही? असे कोंबतात कपडे? चर्चचा झगा बघ, चुरगळून गेला! काढ सगळं. एकूण एक बाहेर काढ. इस्त्री कर आणि कपाटात लाव तुझ्या. तुझ्या कपाटात! आणि रडतेस काय? मी रडतेय का? डोळ्यात धूळ गेलीय माझ्या. या पलंगाखाली झाडतं का कुणी?"

रस्त्यावर तांगी पापा थांबले. समोरच्या घरातून पाद्रीबुवा बाहेर आले. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि आवाज चढत चालला होता.

पोको मामानं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या आणि दुधाची अजून एक बाटली घेतली.